१४० लिटरच्या फिशटँकचं पाणी नितळ करताना: गाळणीच्या नोंदी

२ जून

टाकी ९० × ४५ × ४५ सेंमी, काच ८ मिमी. तळाशी २-३ मिमी दाण्याची खडी, थर ५ सेंमी. आत १८ टेट्रा मासे, ६ कोरीडोरास (तळ उकरणारे मासे), दगडांना बांधलेली थोडी झाडं. सध्या मागच्या काचेवर अडकवलेला हँग-ऑन फिल्टर आहे, त्यात एकच गाळण-कॅसेट. तक्रार अशी की पाण्यात सतत कण फिरताना दिसतात. समोरून ते फारसे खटकत नाहीत, पण लांबीच्या बाजूने डोकावलं की पलीकडची काच धुक्यात असल्यासारखी वाटते.

नवा फिल्टर घ्यायच्या आधी गढूळपणा कशाचा आहे ते ठरवायचं. चार अगदी वेगळ्या गोष्टींसाठी 'पाणी गढूळ झालं' हे एकच वाक्य वापरलं जातं: तरंगणारे कण, जिवाणूंची पांढरट दाटी, हिरवं शेवाळी पाणी आणि लाकडातून उतरणारा पिवळा-तपकिरी रंग. स्पंज आणि कापूस यांचा खरा उपयोग फक्त पहिल्यावर. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचे, स्पंजची भोकं शेकडो मायक्रॉनची. तिथे गाळणीला दोष देण्यात अर्थ नाही. हिरव्या पाण्याला यूव्ही दिवा आणि कमी प्रकाश. विरघळलेल्या रंगाला ॲक्टिव्हेटेड कार्बन किंवा पाणी बदलणं.

चाचणी सोपी आहे. उभ्या काचेच्या ग्लासात टाकीतलं पाणी भरून, झाकण ठेवून रात्रभर न हलवता ठेवलं. मागे पांढरा कागद.

३ जून

ग्लासच्या तळाशी तपकिरी, भुरभुरा थर. वरचं पाणी स्वच्छ, कागदासमोर पिवळी झाक नाही. म्हणजे कणच. पाणी पांढरटच राहिलं असतं तर गाळणीचा विषय तिथेच थांबवून खाणं कमी केलं असतं आणि जिवाणूंची दाटी ओसरायची वाट बघितली असती.

खात्रीसाठी रात्री खोलीत अंधार करून टॉर्च बाजूच्या काचेतून आडवी मारली. उजेडाच्या पट्ट्यात सुटे ठिपके वाहताना दिसले. अख्खा पट्टा सारखाच दुधाळ दिसला, तर संशय जिवाणूंवर किंवा फार बारीक मातीवर घ्यायचा.

मोजमापासाठी एक कार्ड छापलं: २४, १८, १४, १० आणि ८ पॉइंटची अक्षरं, प्लॅस्टिकचं आवरण. डावीकडच्या काचेवर बाहेरून चिकटवलं आणि उजवीकडून ८८ सेंमी पाण्याच्या आरपार वाचलं. आज फक्त २४ पॉइंटची ओळ वाचता आली, १८ची अंदाजाने. १८६५ साली अँजेलो सेकी यांनी समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. हे कार्ड म्हणजे तिचाच आडवा, घरगुती अवतार. दर वेळी तोच दिवा, तीच वेळ, आणि दोन्ही आखूड काचा वाचण्याआधी पुसलेल्या. काचेवरचं शेवाळ पाण्याच्या खात्यावर जमा झालं की सगळे आकडे वाया.

५ जून

पाणी नेमकं किती? आतली मापं ८८.४ × ४३.४ सेंमी, म्हणजे उंचीच्या प्रत्येक सेंटिमीटरला ३.८४ लिटर. तळापासून ४० सेंमी पाणी धरलं तर १५३.५ लिटर. खडीच्या थरात साधारण ६० टक्के जागा दगडाची, ती ११.५ लिटर. मोठे दगड वजा करून १४० लिटर धरलं.

हँग-ऑनच्या खोक्यावर तासाला ५०० लिटर लिहिलंय. धबधब्याखाली चौकोनी डबा धरून मोजलं: २ लिटरला २४ सेकंद, म्हणजे तासाला ३००. खोक्यावरचा आकडा गाळण नसताना आणि पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. सगळ्याच फिल्टरांचं तसं आहे. लक्ष्य ठरवताना तो आकडा वापरायचा नाही.

आता थोडं गणित, कारण इथे गैरसमज बरेच आहेत. फिल्टरमधून तासाला एक टाकीभर पाणी गेलं, म्हणजे टाकीतलं सगळं पाणी गाळलं गेलं असं होत नाही. गाळलेलं पाणी परत न गाळलेल्यात मिसळतं. गाळणीने शंभर टक्के कण अडवले तरी एका टाकीभर फेऱ्यात ६३ टक्केच कण निघतात, ९५ टक्के काढायला तीन टाक्या फिरवाव्या लागतात. बारीक कणांपैकी गाळणी एका खेपेत ३० टक्केच अडवत असेल तर त्याच ९५ टक्क्यांना दहा टाक्या. तेव्हा पर्याय दोन: बारीक गाळण किंवा जास्त फेरे. बारीक गाळण चोंदून प्रवाह निम्म्यावर आला की एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं. पुढच्या सगळ्या नोंदी या ओढाताणीबद्दलच आहेत.

लक्ष्य: गाळण भरलेल्या अवस्थेत मोजून तासाला ६०० ते ७०० लिटर, म्हणजे साडेचार-पाच फेरे. त्याहून जास्त ओघ टेट्रांना झेपतो, पण खडीवरचा गाळ उगाच उडत राहतो.

७ जून

पर्याय तपासले.

हवेवर चालणारा स्पंज फिल्टर: उपयोगी जिवाणूंसाठी (माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणाऱ्या) उत्तम, पिल्लांसाठी सुरक्षित. १४० लिटरमध्ये तरंगते कण ओढून आणायला मात्र ओघ कमी पडतो. बाद.

आहे तोच हँग-ऑन, जास्त बारीक कॅसेट लावून: कॅसेट १० × १२ सेंमी, म्हणजे १२० चौ. सेंमी. तासाला ३०० लिटरला पाण्याचा वेग सेकंदाला ०.७ सेंमी पडतो. खरी अडचण वेगळीच आहे. कॅसेट चोंदली की आतलं पाणी चढतं आणि कॅसेटच्या डोक्यावरून थेट टाकीत उतरतं. धबधबा पूर्वीसारखाच जोरात दिसतो, गाळण मात्र होत नसतं. आज झाकण उघडून बघितलं तर नेमकं हेच: कॅसेटच्या वरच्या कडेवर ओली तपकिरी रेघ आणि तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा. ही कॅसेट शेवटची कधी धुतली त्याची नोंदच नाही.

सम्प (टाकीखालची वेगळी गाळण-टाकी) आणि गाळण-मोजे (मोज्याच्या आकाराच्या कापडी पिशव्या): २०० मायक्रॉनचा मोजा झकास काम करतो, तीन-चार दिवसांनी उलटा करून धुता येतो. पण त्यासाठी टाकीला भोक किंवा ओव्हरफ्लो पेटी हवी. पाण्याने भरलेल्या चालू टाकीला भोक पाडायचा प्रश्नच येत नाही.

कॅनिस्टर: नळ्यांनी टाकीला जोडलेला बंद डबा, त्यामुळे पाण्याला गाळणावरून उडी मारता येत नाही. कडेने वाट काढता येते, ते पुढे येईलच. तीन ट्रे, प्रत्येकाची आतली जागा २२ × २२ सेंमी, उंची ९ सेंमी. क्षेत्रफळ ४८४ चौ. सेंमी, कॅसेटच्या चौपट. ७०० लिटरलाही वेग सेकंदाला ०.४ सेंमीच. क्षेत्रफळ वाढलं की वेग कमी होतो आणि दर चौरस सेंटिमीटरवर गाळही कमी बसतो, म्हणून गाळण दोन्ही बाजूंनी जास्त दिवस टिकतं. बारीक गाळण हवं असेल तर ते मोठ्या तोंडाचं हवं.

कॅनिस्टर ठरला. खोक्यावर तासाला १२०० लिटर. निम्म्याहून थोडं जास्त हाती लागेल असं धरलंय. कॅनिस्टरचा एक तोटा आधीच लिहून ठेवतो: उघडायचा कंटाळा येतो. डोळ्यांआड गेलेला गाळ माणूस विसरतो, पाणी विसरत नाही. अडकलेली विष्ठा फिल्टरमध्येच कुजते आणि तिचं नायट्रेट टाकीतच उतरतं. धुऊन बाहेर टाकेपर्यंत गाळणीने काहीही 'काढलेलं' नसतं, फक्त एका जागी गोळा केलेलं असतं.

९ जून

स्पंज: २० पीपीआय आणि ३० पीपीआय, दोन्ही ४ सेंमी जाड. पीपीआय म्हणजे एका इंचात किती भोकं. आकडा जितका मोठा तितका स्पंज बारीक. १० पीपीआय फार मोकळा, त्यातून विष्ठेचे तुकडेही निसटतात. ४५ पीपीआय या ओघाला आठवडाभरात चोंदेल. शेवटच्या थराला पांढरा पॉलिएस्टर कापूस, मत्स्यपालनासाठीचाच. गाद्या-उशांच्या कापसावर आग न लागण्यासाठी किंवा चिकटपणासाठी काय मारलेलं असेल ते सांगता येत नाही, म्हणून तो नाही.

स्पंज कापणं हे वाटतं तितकं सोपं नाही. कात्रीने कापलं की कात्री स्पंज दाबते, आणि सोडल्यावर कड डमरूसारखी मध्ये आत जाते. वरून माप बरोबर दिसतं, मधल्या कमरेतून पाणी मोकळं निघून जातं. लांब दात्याची सुरी अजिबात न दाबता, हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवायची. मापं २२ × २२ घेतली. (ही चूक. २६ जूनची नोंद बघा.)

१२ जून

जोडणी. स्पंज आणि सिरॅमिकच्या नळकांड्या (उपयोगी जिवाणूंचं घर) साध्या पाण्यात, पाणी स्वच्छ निथळेपर्यंत धुतल्या, साबण नाही. सिरॅमिकची पांढरी पूड न धुता आत गेली तर पहिल्याच दिवशी टाकी ताकासारखी होते.

या फिल्टरमध्ये पाणी एका कोपऱ्यातल्या नळीतून खाली तळाशी जातं आणि ट्रेंमधून वर चढतं. काहींत उलटं असतं, त्यामुळे थर रचण्याआधी दिशा बघायची. खालचा ट्रे: २० पीपीआय, त्यावर ३० पीपीआय. मधला: सिरॅमिक. वरचा: निम्मा सिरॅमिक आणि सर्वांत वर कापूस. कापूस सिरॅमिकच्या आधी ठेवावा असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे, सिरॅमिकवर गाळ कमी बसतो. पण तसं केलं तर कापूस बदलायला सगळे ट्रे उपसावे लागतात, आणि उपसावे लागले की बदल लांबणीवर पडतो. वर ठेवला तर झाकण उघडलं की हाताशी.

प्रवाह मोजण्याची पद्धत: हीटर आधी बंद, कारण १० लिटर काढले की पाणी २.६ सेंमी उतरतं आणि हीटरचा काही भाग उघडा पडू शकतो. परतीच्या नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर धरायचं, बादली त्याखाली. नळी खाली बादलीत सोडली की सायफनचा जोर मिळतो आणि आकडा फुगतो. कॅनिस्टरची मापं यामुळेच अनेकदा खोटी येतात.

गाळण न भरता: १० लिटरला ३८ सेकंद, तासाला ९४७ लिटर.
गाळण भरून, कापसाचा ५ सेंमी थर दाबून: ६२ सेकंद, ५८१ लिटर.

नळ्या गरजेपेक्षा ४० सेंमी लांब होत्या, त्या कापल्या. कपाटात मोडलेली नळी हे प्रवाह कमी होण्याचं सर्वांत फुकटचं कारण. वायरला प्लगच्या खाली लोंबणारा वळसा दिला, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता वळशाच्या टोकाला गळेल.

हँग-ऑन काढला नाही. त्याच्यात मुरलेले जिवाणू आहेत. नवीन सिरॅमिक तयार होईपर्यंत सहा आठवडे दोन्ही सोबत चालतील.

१३ जून

पाणी कालच्यापेक्षा वाईट! चकाकते बारीक ठिपके टाकीभर. घाईने कापूस आणखी भरण्याआधी पंप बंद करून घड्याळ लावलं. दीड मिनिटात ठिपके वर जाऊन नाहीसे झाले. ते कण नव्हते, हवेचे बुडबुडे होते. कण पंप बंद झाल्यावर जागीच रेंगाळतात किंवा हळू खाली बसतात.

हवा कुठून? ओढीच्या बाजूच्या जोडाजवळ नळीत एक बुडबुडा ठरावीक अंतराने सरकत होता. तिथली ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) कोरडी. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, जोड परत बसवला. पेट्रोलियम जेली लावू नये, काही प्रकारचं रबर तिने फुगतं. डब्यात साठलेली हवा फिल्टर चालू ठेवून चारी बाजूंना तिरका करून बाहेर काढली. पाच-सहा वेळा खडखड करून थांबली. संध्याकाळपर्यंत ठिपके गेले.

१५ जून

कार्ड: १८ पॉइंट स्पष्ट, १४ नाही. नवा स्पंज पहिले काही दिवस बारीक कण सोडतोच. भोकांच्या भिंतींवर गाळ आणि जिवाणूंचा चिकट थर बसला की वाट अरुंद होते आणि पकड वाढते. थोडा मळलेला स्पंज नव्यापेक्षा बारीक गाळतो, तोच पुढे गेला की प्रवाह मारतो.

१९ जून

कार्ड १४ पॉइंट. प्रवाह मात्र ८४ सेकंद, ४२९ लिटर. आठवड्यात चौथा हिस्सा गेला. झाकण उघडलं: कापसाचा खालचा एक सेंटिमीटर कॉफीच्या रंगाचा आणि लगद्यासारखा दाट, वरचे चार सेंटिमीटर पांढरेशुभ्र. म्हणजे वरच्या कापसाने गाळ अडवलाच नाही, नुसता अडथळा केला.

नवा कापूस २ सेंमी, फुगवून, न दाबता. ट्रेच्या कडांना मात्र बोटाने चेपून बसवला. ५२ सेकंद, ६९२ लिटर. जाडी वाढवण्यापेक्षा पातळ थर वेळेवर बदलणं स्वस्त आणि चांगलं. काढलेला कापूस धुऊन परत वापरला तर धागे गोळा होतात आणि मध्ये वाटा पडतात, फेकून द्यायचा.

२२ जून

प्रवाह चांगला, तरी डाव्या मागच्या कोपऱ्यात दगडामागे गाळाची रास. गाळणी तिच्यापर्यंत पोहोचलेल्या कणांचंच काही करू शकते. चिमूटभर खाणं चुरून, भिजवून परतीच्या तोंडाशी सोडलं आणि कण कुठे जातात ते बघितलं. पाणी समोरच्या काचेवर आपटून अर्ध्यातच खाली वळत होतं. ओढ आणि परत दोन्ही एकाच बाजूला असल्याने ताजं गाळलेलं पाणी पुन्हा फिल्टरमध्येच जात होतं.

बदल: परतीची फवारणी नळी उजव्या आखूड बाजूला, भोकं लांबीच्या दिशेने आणि किंचित वर. ओढ डावीकडे मागे, खडीपासून ५ सेंमी वर. याहून खाली नेली तर खडीचे बारीक दाणे इम्पेलरपर्यंत (पंपाच्या फिरत्या पात्यांपर्यंत) जातात. मोठा दगड काचेपासून ४ सेंमी पुढे घेतला. पुन्हा भिजलेलं खाणं सोडलं: बहुतेक कण तीन मिनिटांत ओढीपाशी. भोकं वर वळवल्याने पृष्ठभाग हलतो आणि तेलकट साय फुटते, हा वरचा फायदा.

२६ जून

सगळे ट्रे काढले. या प्रकल्पातला सर्वांत उपयोगी दिवस.

खालचा २० पीपीआय स्पंज मध्यभागी फिका, कडेने बोटभर रुंदीचा गडद पट्टा. त्याच्या वरच्या ३० पीपीआयवर तसाच पट्टा, आणि एका कोपऱ्यात पैशाएवढा काळा डाग. त्या कोपऱ्याच्या बरोबर वर सिरॅमिकच्या आठ-दहा नळकांड्या गाळाने माखलेल्या. बाकी सगळ्या स्वच्छ. पाणी स्पंजमधून न जाता कडेने वर चढत होतं. स्पंज २२ सेंमी कापलेला, ट्रे २२ सेंमी. ओला होऊन, दाबला जाऊन तो किंचित आत आला आणि फट पडली. शिवाय ट्रेचे कोपरे गोलसर, स्पंजचे काटकोनी. टोक मुडपलं आणि घडीखाली बोगदा तयार झाला.

स्पंज कितीही बारीक घ्या, बाजूला २ मिमीची फट असेल तर पाणी फटीतून जाणार. त्यातही स्पंज जितका बारीक आणि जितका मळलेला, तितका पाण्याचा ओढा फटीकडे जास्त. 'बारीक स्पंज लावला तरी फरक पडला नाही' याचं नेहमीचं कारण हेच असतं.

नवे तुकडे: ट्रे स्पंजवर ठेवून बाहेरून पेनाने रेघ मारली, म्हणजे कोपऱ्यांची गोलाई आपोआप आली. आतल्या मापापेक्षा सर्व बाजूंनी ४ मिमी जास्त, म्हणजे २२.८ सेंमी. बसवताना मधोमध दाबायचं नाही, तसं केलं की कडा वर उचलतात. आधी चारी कोपरे, मग कडा, शेवटी मध्य. बसल्यावर चारी कडांवर बोट फिरवून बघितलं, नख कुठेच खाली उतरलं नाही.

जुना मळलेला स्पंज पिळून निघालेलं पाणी नव्या स्पंजवर ओतलं; थोडे जिवाणू तरी सोबत गेले. सिरॅमिक टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसतं बुचकळलं. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी इथे वापरलं तर जे जपायचं तेच मरेल.

परत जोडताना पहिले तीन लिटर टाकीत न सोडता बादलीत सोडले. उघडझाप केल्यावर जो गाळाचा लोट येतो, तो पाणी स्पष्ट तपकिरी होईल इतका होता.

२९ जून

कार्ड: १० पॉइंट. स्पंजची जात तीच, पंप तोच, फक्त फट बुजवली.

अमोनिया ०, नायट्राइट ०: माशांना घातक या दोन्ही गोष्टी नाहीत, म्हणजे जिवाणू शाबूत.

१ जुलै

ओढीच्या जाळीवर, पाणी डब्यात जाण्याआधी गाळणारा नवा 'आधीचा स्पंज' बसवला: २० पीपीआय, दंडगोल, व्यास ८ सेंमी, लांबी १२ सेंमी. बाहेरचा पृष्ठभाग ३०० चौ. सेंमी. झाडांची पानं, मोठी विष्ठा इथेच थांबते आणि डबा उघडायची पाळी लांबते. ३० किंवा ४५ पीपीआय इथे लावू नये. पंपाला पुढे ढकलायचा अडथळा झेपतो, ओढीच्या तोंडाशी आवळलं की तो उपाशी पडतो: आवाज वाढतो, पाण्यातून हवा सुटते आणि १३ जूनचे बुडबुडे परत येतात.

प्रवाह ५५ सेकंद, ६५५ लिटर. चालेल.

८ जुलै

आधीचा स्पंज धुण्याची रीत ठरवली. नुसता ओढून काढला तर त्यावरचा निम्मा गाळ टाकीतच झडतो आणि दोन तास धूर झाल्यासारखं दिसतं. पंप बंद. पातळ प्लॅस्टिकची पिशवी पाण्याखाली नेऊन, तोंड उघडं ठेवून, खालून स्पंजवर चढवायची. पिशवीचं तोंड नळीभोवती मुठीत धरून दुसऱ्या हाताने स्पंज हळू खाली ओढायचा. पिशवीसकट बाहेर. पाणी बदलताना काढलेल्या बादलीत आठ-दहा वेळा पिळायचा. दोन मिनिटांचं काम, दर आठवड्याला. पंप बंद असताना जाळी उघडी असते. परत चालू करण्याआधी एखादा टेट्रा नळीच्या तोंडाशी नाही ना, ते बघायचं.

११ जुलै

१० पॉइंटवरून पुढे सरकत नाही. टॉर्चमध्ये अजून धूळ. कोरीडोरास खडी उकरतात तिथून दर वेळी ढग उठतो, म्हणजे साठा खडीत आहे. पाइपच्या रुंद तोंडाने खडी ढवळत सायफन केला, एका वेळी खडीचा तिसरा हिस्सा, त्यात ३५ लिटर पाणी निघालं. बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं. एकाच दिवशी सगळी खडी उपसायची नाही. तीही जिवाणूंचं घर आहे. उरलेले दोन हिस्से पुढच्या दोन आठवड्यांत.

खाणंही मोजलं: दोन मिनिटांत संपेल इतकंच, गोळ्या रात्री फक्त कोरीडोराससाठी. खाणं हाच गाळाचा उगम, बाकी सगळं नंतरचं झाडणं.

१८ जुलै

कण जमवणाऱ्या औषधी थेंबांचा विचार केला. ते बारीक कणांची पुंजकी बनवतात आणि मग कापूस ती पकडतो. मातीच्या धुळीवर खरंच चालतं. पण कापूस एका दिवसात चोंदतो, तो दुसऱ्या दिवशी बदलावाच लागतो. मात्रा जास्त झाली तर माशांच्या कल्ल्यांना त्रास, म्हणून हवा जोरात ठेवावी लागते. इथे गाळ रोज नव्याने तयार होणारा आहे, एकदाचा नाही, तेव्हा थेंबांचा टिकाऊ उपयोग नाही. तुरटी तर नकोच: तिने पाण्याची क्षारता खाली येते आणि मागोमाग पीएच.

त्याऐवजी सायफनच्या दिवशी २४ तासांपुरती ५० मायक्रॉनची पातळ चकती कापसाच्या वर ठेवून बघितली. उठलेली धूळ तिने धरली. दुसऱ्या दिवशी प्रवाह ७१ सेकंद, ५०७ लिटर, म्हणून काढली. कायम ठेवायची वस्तू नाही. एकाच दिवसासाठी हिचं काम चोख.

२५ जुलै

तिसरा हिस्सा सायफन. कार्ड: ८ पॉइंट वाचता येतं, 'ष' आणि 'प' यांच्यात थोडा गोंधळ.

आज वीज तीन तास गेली. बंद डब्यात साचलेल्या पाण्यातला प्राणवायू आतले जिवाणूच संपवून टाकतात. मग तेच पाणी टाकीत ढकलायचं नाही. डबा रिकामा करून, टाकीच्या पाण्याने भरून चालू केला. अर्ध्या तासाच्या खंडाला हे करत नाही.

१ ऑगस्ट

सहा आठवडे होऊन गेले. आधी हँग-ऑनची कॅसेट काढली, सांगाडा चालू ठेवला. चार दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजणार.

इम्पेलर काढून पाहिला. पात्यांवर चिकट थर, खोबणीत झाडाचा एक धागा गुंडाळलेला. मऊ ब्रशने साफ. सिरॅमिकचा दांडा सरळ ओढून काढायचा, तिरका जोर लागला की काडीसारखा मोडतो. फक्त एवढ्याने ६१ सेकंदांवरून ५६ सेकंद.

५ ऑगस्ट

चारही दिवस दोन्ही आकडे ०. हँग-ऑन काढून ठेवला.

उघडायचा निकष दिवसांवर न ठेवता प्रवाहावर ठेवला. स्वच्छ अवस्थेत ६९२ लिटर होते, त्याच्या सत्तर टक्के म्हणजे ४८४. आधीचा स्पंज धुऊन झाल्यावरही १० लिटरला ७४ सेकंदांपेक्षा जास्त लागले, की आतले स्पंज धुवायचे. आत्तापर्यंतच्या घसरणीवरून ते साधारण चार-पाच आठवड्यांनी येईल. कापूस मात्र दर दहा दिवसांनी, प्रवाह कसाही असो. सिरॅमिकला, स्पंज धुऊनही प्रवाह परत आला नाही तरच हात लावायचा, आणि त्या दिवशी स्पंज नाही. दोन्ही एकाच दिवशी धुतले तर जिवाणूंना एकदम फटका बसतो.

११ ऑगस्ट

१० लिटरला ५७ सेकंद, ६३२ लिटर. कार्ड ८ पॉइंट, 'ष' आता 'ष'च दिसतो. अंधारात टॉर्च मारल्यावर पट्ट्यात ठिपके आहेत, मोजता येतील इतके. कोरीडोरास उकरतात तिथून उठणारा ढग अर्ध्या मिनिटात विरतो.

२२.८ सेंमीचे दोन जादा स्पंज, कापसाच्या सहा चकत्या आणि एक ओ-रिंग कापून-निवडून डब्यात भरून कपाटात, फिल्टरच्या शेजारी. डब्यावर पेनाने लिहिलं: ७४ सेकंद.